खुलासा: ‘सामन्याला आई-वडील नकोत’ हे सरसकट खरं नाही

सोलापुरात खो-खोच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: सामन्याच्या दिवशी घरच्यांना पार्क मैदानावर आणू नका, पोरं हळवी होतात. हे चूक आहे. २००६ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या प्रयोगात, विजेचा झटका बसण्याची धास्ती असलेल्या विवाहित स्त्रियांनी नवऱ्याचा हात धरला, तेव्हा मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया कमी झाली. नातं चांगलं, तर परिणाम जास्त. त्या खेळाडू नव्हत्या, हे खरं. पण भीतीत विश्वासाचं माणूस धीर देतं, हे खेळाडूलाही लागू पडतं. त्रास होतो तो कडेवरून ‘अगं पळ की, काय करायलीस!’ असं ओरडण्याचा. ते जरूर थांबवा. गप बसून लेकीच्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळणाऱ्या आईला मात्र बाहेर काढू नका.