कृषी संशोधनात काटकसर कशी करावी?

कृषी संशोधनाच्या निधीला कात्री लावायचं काम तुमच्याकडे आलंय? घाबरू नका. फक्त पगाराला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी मोर्चा येतो. आकस्मिक खर्च धरा: मजुरी, डिझेल, प्रक्षेत्रावरची (संशोधन केंद्राच्या शेतावरची) फवारणी. तोही कापायचा नाही, नुसता लांबवायचा. पेरणी जूनमध्ये, तर पैसे ऑगस्टमध्ये सोडा. तरतूद कागदावर शाबूत, चाचणीचा हंगाम गेलेला.

मग पैदासकाराचं, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचं, पद रिकामं ठेवा. सोयाबीनचा नवा वाण म्हणजे संकरानंतर सहा-सात पिढ्यांची निवड, पुढे केंद्रावरच्या आणि ठिकठिकाणच्या चाचण्या, त्यानंतर पैदासकार बियाणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून शेतकऱ्याला मिळणारं प्रमाणित अशी बियाण्याची साखळी. दहा-बारा वर्षं सहज जातात. मध्येच माणूस निवृत्त झाला की चौथ्या पिढीच्या बियाण्याच्या पुड्या कपाटात पडून राहतात. सोयाबीनचं बी नाजूक. साध्या खोलीत एक-दोन पावसाळ्यांत त्याची उगवण कोसळते. (शीतगृहाचं वीजबिलही वाचवता येतं, लक्षात असू द्या.)

यातली गंमत म्हणजे बरीच वर्षं काहीच बिघडत नाही. जुन्या पुण्याईवर पीक येत राहतं. जबलपूरचा जेएस ३३५ हा १९९४चा वाण; त्याच्या जिवावर महाराष्ट्राने कितीतरी खरीप काढले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राने तांबेरा रोग सोसणारा फुले संगम हा वाण दिला, तर शास्त्रज्ञांना शाल-श्रीफळ द्या. ते स्वस्त पडतं.

बिंग फुटायची वेळ आली की पाऊस मदतीला धावतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा. नेमकं तेव्हाच सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्यात. फुलं गळाली, दाणे बारीक राहिले, वर विदर्भात पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग. पावसाचा खंड सोसणारं, मोझॅकला दाद न देणारं बियाणं गावात पुरेसं का नाही, असं कुणी विचारलं तर आभाळाकडे बोट दाखवा. शेती उत्पन्नाच्या किमान एक टक्का संशोधनावर खर्चावा, ही जुनी शिफारसही कुणी काढेल. तिच्यावर समिती नेमा.

शेतकऱ्याला मात्र सल्ला देत राहा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, रुंद वरंबा सरी (रुंद गादीवर पेरणी, बाजूला सरी) वापरा, शंभर दाण्यांतले सत्तर उगवत नसतील तर ते बी टाळा. सल्ला खरोखर चांगला आहे, शिवाय फुकट. नुकसान ३३ टक्क्यांवर गेलं की पंचनामे करायचेच. २०१२ साली कुठलं पद भरलं नाही, असा रकाना त्यात नसतो.