राइट बॅरिअर कुठे गाळता येतो आणि कुठे नाही

गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, ऑब्जेक्ट तरुण आणि जुन्या अशा दोन पिढ्यांत ठेवतो. राइट बॅरिअर म्हणजे पॉइंटर लिहिताना त्याची कलेक्टरसाठी नोंद ठेवणारा छोटा कोड. त्याबद्दल तुमचे आक्षेप दोन आहेत. पॉइंटर लिहिताना दरवेळी बॅरिअर चालवणं ही उधळपट्टी आहे, आणि निदान नुकत्याच तयार झालेल्या ऑब्जेक्टची फील्डं भरताना तरी तो गाळावा, कारण ते तरुण पिढीतच असतं. दुसरा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो.

समजा, 'क' या ऑब्जेक्टसाठी जागा घेतली आणि मग त्याच्या फील्डमध्ये ठेवायला 'ख' तयार करायला घेतलं. 'ख'साठी जागा मागतानाच मायनर कलेक्शन (फक्त तरुण पिढीची सफाई) झालं, तर 'क' जुन्या पिढीत जाऊन बसू शकतं. आता 'क'मध्ये 'ख'चा पत्ता बॅरिअरशिवाय लिहिला, की या दुव्याची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या मायनर कलेक्शनला कलेक्टर सगळी जुनी पिढी चाळत बसत नाही, फक्त नोंदलेला भाग बघतो. 'ख'कडे दुसरा दुवा नसेल तर ते मेलेलं ठरतं आणि त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळते. प्रोग्राम कोसळतो तो बऱ्याच वेळाने, भलत्याच फंक्शनमध्ये. मोठ्या ॲरेच्या बाबतीत तर 'नवं म्हणजे तरुण' हे गृहीतकच टिकत नाही. अनेक कलेक्टर ठरावीक आकारापुढची ॲरे थेट जुन्या पिढीत ठेवतात.

म्हणून बॅरिअर गाळा, पण जागा घेणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरं ॲलोकेशन किंवा सेफपॉइंट (कलेक्शनसाठी थ्रेड थांबू शकतो ती जागा) नसेल आणि ऑब्जेक्ट तरुण पिढीतच जाणार हे कंपायलरला ठाऊक असेल, तरच.

आता खर्चाचं. हॉटस्पॉट या जावाच्या व्हर्च्युअल मशीनच्या पॅरलल कलेक्टरमध्ये पत्ता ९ बिट उजवीकडे सरकवायचा, कार्ड टेबलच्या (हीपच्या प्रत्येक तुकड्यासाठी, म्हणजे कार्डासाठी, खूण ठेवणाऱ्या तक्त्याच्या) तळपत्त्यात मिळवायचा आणि तिथे खूण म्हणून ० लिहायचा, एवढंच काम आहे. हीपच्या दर ५१२ बाइटांमागे टेबलात १ बाइट. 'ऑब्जेक्ट जुनं आहे का' हे दरवेळी विचारण्यापेक्षा न बघता खूण करणं बहुधा स्वस्त पडतं. पण अनेक थ्रेड असले की तुमचं म्हणणं खरं ठरतं: टेबलातली ६४ बाइटांची एक कॅश लाइन (प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो मेमरीचा तुकडा) हीपचे ३२ केबी सांभाळते, त्यामुळे वेगवेगळ्या ऑब्जेक्टांत लिहिणारे थ्रेडही तिच्यासाठी भांडतात. तिथे आधी कार्ड वाचावं आणि खूण नसेल तरच लिहावं. हॉटस्पॉटचा 'यूजकाँडकार्डमार्क' (UseCondCardMark) हा पर्याय नेमका यासाठीच आहे.

तुमच्या रनटाइममध्ये बॅरिअर गाळलेच असतील, तर डीबग बिल्डमध्ये प्रत्येक ॲलोकेशनला कलेक्शन घडवा आणि त्याआधी सगळी जुनी पिढी चाळा. तरुण पिढीकडे जाणारा पॉइंटर सापडला आणि त्याच्या कार्डावर खूण नसली, की ऑब्जेक्टचा प्रकार आणि फील्ड छापून तिथेच थांबा. चुकलेली ओळ बहुतेक त्याच्या अगदी जवळ असते.