मुन्नारच्या मळ्यात राहायला जाताय? खोलीआधी मळा बघा

मळ्यातल्या बंगल्याला रात्रीचे पंधरा-वीस हजार मोजायचे आणि सकाळी आठला टॅक्सीत बसून मट्टुपेट्टी, इको पॉइंट, कुंडला, टॉप स्टेशन उरकत अंधार पडल्यावर खोलीवर यायचं, अशी मुन्नारच्या सहलींची रीत पडून गेली आहे. मुन्नार दोन रात्री, ठेक्कडी एक, अलेप्पी एक, हा ठरलेला साचा त्याला कारणीभूत आहे. माझं मत स्पष्ट आहे. फिरायचंच असेल तर मुन्नार बाजाराजवळ साधी स्वच्छ खोली घ्या, तिथून सगळं जवळ पडतं. महागडा मुक्काम वसूल होतो तो सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळात तुम्ही मळ्यातच असाल तर. त्यासाठी किमान तीन रात्री लागतात, कारण पहिला दिवस घाटातच जातो.

आता जागेबद्दल, कारण फसगत इथेच होते. जाहिरातीत ‘मुन्नार’ लिहिलेली अनेक रिसॉर्ट आनच्चाल, चित्तिरपुरम किंवा चिन्नकनालला असतात. आनच्चाल बरंच खाली आहे आणि तिथे चहापेक्षा वेलची जास्त. पोत्तमेडू, पळ्ळिवासल भागातही बऱ्याच ठिकाणी वेलदोड्याच्या बागेत बसून दरीपलीकडचा चहा बघायचा असतो. ती जागा वाईट नाही, सावली दाट असते, पक्षी भरपूर दिसतात. पण पैसे मळ्याचे देत असाल तर ते माहीत असलेलं बरं. बुकिंगआधी नेमकं लोकेशन मागवा आणि उपग्रह नकाशावर बघा. चहाचा मळा विंचरल्यासारखा एकसारखा हिरवा दिसतो, मधून बारीक पायवाटांच्या रेघा जातात. वेलची मोठ्या झाडांखाली असते, त्यामुळे वरून फक्त गडद, खडबडीत जंगल दिसतं. इमारतीच्या मागे डोंगर उभा कापल्याची तांबडी जखम दिसली, तर पावसाळ्यात तिथे राहू नका. इथल्या उतारांवर मातीचा थर पाण्याने भिजून जड झाला की पायथा कापलेला भाग आधी सुटतो. बेकायदा बांधकामांचा प्रश्न इथे जुना आहे. २००७ मध्ये केरळ सरकारने मुन्नारमधली रिसॉर्ट पाडली होती.

सगळ्यात उत्तम म्हणजे मळ्याच्या आतले जुने मॅनेजर बंगले. चार-पाच खोल्या, लांब व्हरांडा, शेकोटी, बंगल्याचा स्वतःचा स्वयंपाकी. इथे जलतरण तलाव किंवा स्पा बहुधा नसतो आणि नसला तरी काही बिघडत नाही. फक्त दोन गोष्टी विचारा: गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं आणि खोलीत हीटर आहे का. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान एक आकडी होतं आणि चेंदुवरैसारख्या उंचावरच्या मळ्यांत काही पहाटे ते शून्यावर येऊन दव गोठतं. जून ते सप्टेंबर दमट हवेने गाद्या-पडद्यांना कुबट वास येतो. त्या दिवसांत ओल शोषून घेणारं यंत्र मागितलंत तर चांगल्या ठिकाणी ते देतात.

आणि एक प्रश्न, जो जवळजवळ कुणीच विचारत नाही: खोलीसमोरच्या मळ्याची छाटणी कधी झाली? चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. ते कमरेएवढं ठेवायला आणि नवे कोंब यायला दर चार-पाच वर्षांनी गुडघ्याच्या आसपास छाटावं लागतं. छाटणीनंतर दोन-तीन महिने तिथे फक्त करड्या-तपकिरी काटक्यांचे खुंट दिसतात. मळा मेलेला नसतो, ती त्याची पाळी असते. पण फोटोतली हिरवी लाट बघून आलेल्या पाहुण्याचा विरस होतो आणि त्यात बंगलेवाल्यांचा दोष नसतो. सगळा मळा एकदम छाटत नाहीत, तुकड्यातुकड्याने छाटतात. म्हणून दुसऱ्या बाजूची खोली मागता येते.

दुसरा प्रश्न फवारणीचा. पावसाळी ढगाळ हवेत पानांवर ब्लिस्टर ब्लाइट नावाची बुरशी येते, कोवळ्या पानांवर फोडासारखे ठिपके पडतात, आणि त्यावर तांबेयुक्त बुरशीनाशक मारतात. तेव्हा वाटेतलं पान तोडून चघळू नका, मुलांनाही सांगा. सकाळच्या फेरीआधी आज कुठल्या भागात फवारणी आहे ते बंगल्यावर विचारा, ती बाजू टाळून दुसरी वाट धरता येते.

कधी जावं? आपल्याकडे दिवाळीची सुट्टी ठरलेली, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे परतीचा ईशान्य मोसमी पाऊस असतो. सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग आणि सरी. म्हणजे सगळं चालणं सकाळी उरका, दुपार व्हरांड्यासाठी ठेवा. मे महिन्यात वळिवाने मळा तजेलदार असतो, पण गर्दी फार आणि मट्टुपेट्टीच्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास अडकतात. नितळ आकाश आणि अनमुडी शिखर (२,६९५ मीटर) पूर्ण दिसायला हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. मात्र नीलगिरी ताहर या डोंगरी रानशेळीच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, एरविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद ठेवतात; त्यासाठीच जाणार असाल तर तारीख तपासा. नीलकुरिंजी हे निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप दर बारा वर्षांनी फुलतं. मागचा मोठा बहर २०१८ चा, पुढचा २०३० चा. जुलै-ऑगस्टचा धो-धो पाऊस मला स्वतःला सुंदर वाटतो, पण वयस्कर माणसं बरोबर असतील तर नको. जळवा असतात, धुक्यात रस्ता दिसत नाही, आणि देवीकुलमपुढच्या गॅप रोडवर दरडी कोसळून वाहतूक बंद पडते. चिन्नकनालला राहणाऱ्यांचा रस्ता तोच.

मुंबई-पुण्याहून कोची विमानतळ, तिथून कोतमंगलम, नेरियमंगलम, अडिमाली करत मुन्नार साधारण ११० किलोमीटर. अंतर ऐकून अडीच तास धरू नका, चार तास धरा. नेरियमंगलमच्या पेरियार पुलानंतर घाट सुरू होतो आणि वळणांचा त्रास होणाऱ्यांनी गोळी त्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना अलुवा स्टेशन सोयीचं. दुपारी बारापर्यंत कोचीतून निघता येईल असं विमान बघा. अंधारात मळ्यात शिरणं टाळायचं कारण हत्ती. मुन्नारच्या मळ्यांत रानहत्ती खरोखर फिरतात. चिन्नकनालचा अरिकोंबन नावाचा हत्ती एप्रिल २०२३ मध्ये पकडून पेरियारच्या जंगलात हलवावा लागला होता. बंगल्यावरचा माणूस ‘सहानंतर बाहेर नको’ म्हणाला तर ते शब्दशः पाळा.

मळ्यातल्या दिवसाची आखणी आठवड्याच्या वारापासून होते. रविवारी खुडणी बंद, कारखानेही बहुधा बंद. शुक्रवार ते सोमवार गेलात तर कामाची एकच पूर्ण सकाळ हाती लागते. रविवारी पोचून बुधवारी निघणं केव्हाही चांगलं. नल्लतण्णीचं चहा संग्रहालय सोमवारी बंद असतं, ते मंगळवारी ठेवा. कारखाना बघायचा तर सुकवणीच्या मजल्यावर जरा थांबा. ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. लांब हौदांवर पसरून, खालून हवा सोडून बारा ते अठरा तास ते मऊ करतात, मग चुरडतात किंवा वळतात, हवेत तांबूस होऊ देतात आणि गरम हवेने वाळवतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो चहा होतो.

कोलुक्कुमलैचा सूर्योदय सगळे सुचवतात. तो मळा तमिळनाडूत, २,००० मीटरच्या वर आहे आणि सूर्यनेल्लीहून पहाटे चारच्या सुमारास जीपनेच जावं लागतं. रस्ता म्हणजे नुसते दगड. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी जाऊ नये. बाकीच्यांनी जरूर जावं, पण एकच सकाळ, तीही मधली.

एका बाबतीत मी आग्रही आहे. खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. ठरावीक किलोंच्या वर जेवढं पान भरेल त्यावर त्यांना जादा पैसे मिळतात, म्हणून फोटोसाठी थांबवलेली दहा मिनिटं त्यांच्या कमाईतून जातात. टोपली डोक्याला अडकवून पोज द्यायला लावू नका. मुन्नारमध्ये आता बऱ्याच ठिकाणी पिशवी लावलेल्या कात्रीने खुडणी होते, ते जसं आहे तसं बघा. याच बायकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये बोनससाठी मुन्नारचा रस्ता अडवला होता, प्रस्थापित युनियन बाजूला सारून, ‘पोंबिळै ओरुमै’ (बायकांची एकजूट) म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये पेट्टिमुडीला दरड कोसळली तेव्हा सत्तर माणसं गेली, ती कामगारांच्या चाळींत, ज्यांना तिथे लयम म्हणतात. ज्या हिरवाईसाठी आपण एवढे पैसे देतो ती सांभाळणारी माणसं कशा घरात राहतात, हे न बघता परत येऊ नये. मात्र लयमच्या दारात कॅमेरा नको.

जेवणाचं थोडक्यात. अप्पम-स्ट्यू, पुट्टू-कडला, मोरू करी बंगल्याचा स्वयंपाकी मनापासून करतो. पोळी-भाजीचा हट्ट धरलात तर दोघांचीही पंचाईत. उपवास असेल तर साबुदाणा घरून न्या आणि आदल्या दिवशी सांगा.

चहा विकत घेताना घरी कसा पिता ते आधी ठरवा. दूध-साखर घालून उकळणार असाल तर सीटीसी (यंत्रात चुरडून केलेला दाणेदार चहा) किंवा डस्ट (बारीक भुकटी) हाच घ्या. महागडी लांब पानाची, म्हणजे पान न चुरडता वळून केलेली, ऑर्थोडॉक्स पावडर दुधात उकळली की सुगंध उडतो, रंग धरत नाही आणि ‘फसवलं’ अशी तक्रार होते. ऑर्थोडॉक्स घेतलीच तर कपाला अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, उकळी शांत झालेलं पाणी दीडशे मिली, झाकून तीन मिनिटं, मग गाळून बिनदुधाचा. पाच मिनिटं ठेवलात तर तुरट होतो. पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा, दोनशे-अडीचशे ग्रॅमच घ्या, आणि घरी मसाल्यांच्या डब्यांपासून लांब, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. चहा आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेतो.