हळदीचा अंगठा आणि फिकट बटणं

अ‍ॅपच्या डिझाइनवरचा तुमचा लेख आवडला. पण त्यातलं ‘स्क्रीनवर जितकं कमी, तितकं डिझाइन चांगलं’ हे त्या डिझायनरांचं वाक्य काही पटलं नाही. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या) हिशेब बघतो. मागच्या हंगामात मालकांनी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची विक्रीची बिलं, करायला एक अ‍ॅप घेतलं. दिसायला एकदम देखणं! पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, बटणांवर नावं नाहीत, नुसती चित्रं. सौद्याला, म्हणजे मालाच्या लिलावाला, बाहेर उन्हात आलं की स्क्रीनवर काही म्हणता काही दिसायचं नाही, आणि हळदीनं माखलेला अंगठा त्या बारक्या चित्रावर नेमका बसायचाच नाही. एकदा ‘जतन’च्या जागी ‘पुसा’ दाबलं गेलं. मागे यायची सोयच नाही! सतरा पोत्यांची पट्टी परत कागदावर लिहिली, शेतकरी समोर ताटकळत उभा.

बरं, यात नवीन काही मागत नाही. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, हे वेबच्या सुलभतेच्या नियमांत आहेच. चूक मागे घेता आली पाहिजे, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन १९९४ पासून सांगतायत. आणि जर्मन डिझायनर डीटर राम्स यांचं ‘कमी, पण अधिक चांगलं’ सगळ्यांना पाठ. त्यांच्याच दहा तत्त्वांत वस्तू वापरणाऱ्याला समजली पाहिजे हेही आहे, ते कुणी सांगत नाही.

डिझायनरसाहेब, एकदा सौद्याला या. चहा आमच्याकडून. फोन मात्र जुना, काच तडकलेला आणा.