स्केलवर अंश लावले म्हणजे टेपर आला असं नाही

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातल्या टर्नर (लेथवर काम करणाऱ्या) मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लेथला टेपर अटॅचमेंट बसवा, स्केलवर अंश लावा, पहिल्याच कटात टेपर तंतोतंत. टेलस्टॉक कसाही असू दे, टूलची उंची थोडी वर-खाली चालते. डायल कशाला?’ (टेपर म्हणजे जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास एका टोकाकडे सारखा कमी होत जाणं. अटॅचमेंटचा तिरका गाइड बार कॅरेज, म्हणजे टूल नेणारा भाग, चालताना टूल आडवं सरकवतो. टेलस्टॉक जॉबचं दुसरं टोक धरतो, आणि डायल म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र.)

आधी स्केलचं बघू. मोर्स 3 या प्रमाणित टेपरचा पूर्ण कोन सुमारे 2 अंश 52 मिनिटं. गाइड बार फिरवायचा त्याच्या निम्मा, 1 अंश 26 मिनिटं. पूर्ण कोन तसाच लावला की टेपर दुप्पट, जॉब भंगारात. बरं, निम्मा लावला तरी अंशांच्या रेघांतून ती 26 मिनिटं डोळ्यानं वाचणार कशी? 5 मिनिटं चुकली तर 80 मिमी लांबीत व्यासात सुमारे 0.23 मिमी फरक. असा शँक (टेपरचा दांडा) स्लीव्हमध्ये (तो बसतो त्या नळीत) एकाच टोकाला धरतो आणि डुगडुगतो.

डायल लागतो तो इथं. दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांत) समांतर टेस्ट बार, म्हणजे एकसारख्या व्यासाचा तपासणीचा दांडा, धरा, अटॅचमेंट सुटी ठेवा, डायल सेंटरच्या उंचीला बाजूनं टेकवून कॅरेज चालवा. काटा हलला तर आधी टेलस्टॉक सरळ करा, नाहीतर त्याचा तिरकेपणा टेपरमध्ये मिसळणार. (चकमध्येच धरलेल्या आखूड जॉबला टेलस्टॉकचा संबंध नाही, तेवढं मेसेजवाल्याचं खरं.) आता अटॅचमेंट जोडा आणि स्टॉप व स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) लावून कॅरेज नेमकं 50 मिमी न्या. मोर्स 3 चं प्रमाण 1:19.922, म्हणजे 50 मिमीत व्यास 2.51 मिमी बदलतो; डायलवर त्याच्या निम्मं, 1.255 मिमी यायला हवं. कमी-जास्त आलं तर गाइड बार हलकेच ठोकून आणा, बोल्ट आवळा आणि परत बघा, कारण आवळताना बार हमखास सरकतो. रीडिंग कायम एकाच दिशेनं घ्यायचं.

‘पहिल्याच कटात’ म्हणणाऱ्यानं प्ले (सांध्यांतला ढिलेपणा) धरलेलाच नाही. तो निघेपर्यंत क्रॉस स्लाइड (टूल आडवं नेणारा भाग) जागची हलत नाही आणि जॉबचं टोक समांतर कापलं जातं. प्रत्येक कटाला टूल टोकाच्या 10-15 मिमी बाहेर नेऊन मगच फीड द्या.

टूलच्या उंचीचं म्हणाल तर मोर्ससारख्या उथळ टेपरला थोडा फरक खपून जातो. पण 40 वरून 10 मिमी व्यासावर उतरणाऱ्या जॉबला टूल सेंटरच्या 1 मिमी खाली असलं, तर मध्यावर बाजूला सुमारे 0.02 मिमी पोकळी राहते. निळा रंग लावून जोडीच्या भोकात बसवून बघा, दोन्ही टोकांनाच लागेल.

मेसेजनं सांगितलेलंच नाही ते क्रॉस स्लाइडच्या नटचं. साध्या अटॅचमेंटमध्ये त्या नटचा बोल्ट काढल्याशिवाय स्लाइड मोकळी होत नाही; तसंच रेटलं तर स्क्रू-नट झिजतात, नाहीतर काहीतरी मोडतं. टेलिस्कोपिक (लांब-आखूड होणाऱ्या) स्क्रूवाल्याला ही भानगड नाही. बोल्ट काढल्यावर कटाची खोली कंपाउंड (वरची छोटी स्लाइड) 90 अंशांत फिरवून द्यायची, आणि बोल्टचं भोक बुजवायचं, नाहीतर चिप्स थेट स्क्रूवर पडतात.