जीभ टाळूला लावून जबडा मागे जात नाही

परवा मावशीने मला एक मेसेज पाठवला. तो बरेच दिवस फिरतोय. तिच्या मुलाचे, वय १७, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात. मेसेज म्हणतो: जबड्याच्या ऑपरेशनच्या नादी लागू नका, जीभ टाळूला चिकटवून ठेवली की ६ महिन्यांत जबडा जागेवर येतो. डॉक्टर आधी तारा लावतात ते पैशांसाठी, त्याने चेहरा उलट बिघडतो. ऑपरेशन फक्त दिसण्यासाठी असतं आणि नंतर ओठ कायमचा बधिर होतो. या सगळ्यातून मी स्वतः २६व्या वर्षी गेले आहे, म्हणून उत्तर देते.

आधी जिभेचं. लहानपणी वरच्या जबड्याचे सांधे पुरते जुळलेले नसतात, म्हणून ८-९ वर्षांच्या मुलाला फेसमास्क (कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी चौकट) लावून, रबरांनी रोज कित्येक तास ओढून तो जबडा थोडा पुढे आणता येतो. मोठेपणी ते सांधे घट्ट होतात. आणि खालचा जबडा म्हणजे एकसंध हाड. जीभ कुठेही ठेवली तरी त्याची लांबी कमी होत नाही.

तारांचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचला, कारण त्यात अर्धं खरं आहे. चेहरा खरंच आधी बिघडतो. जबडा पुढे असला की दात वर्षानुवर्षं ती चूक झाकायला बघतात: खालचे आत झुकतात, वरचे बाहेर. समजा हाडांमधला फरक ८ मिलिमीटर आहे, पण झुकलेल्या दातांमुळे दिसतो ३. तसंच ऑपरेशन केलं तर सर्जनला जबडा ३ मिलिमीटरच सरकवता येईल, पुढे दातच आडवे येतील. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे दातांचे डॉक्टर, आधी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतात आणि लपलेला फरक उघडा पडतो. माझे त्यात १४ महिने गेले. मधेच आजीने विचारलं होतं, "पैसे देऊन हे काय करून घेतेस गं?" तेव्हा मला रडू आलं होतं. डॉक्टरांनी हे आधी नीट सांगायला हवं, ही माझी तक्रार आहेच. काही निवडक केसेसमध्ये ऑपरेशन आधी आणि तारा नंतर असंही करतात. फरक थोडाच असेल तर नुसत्या तारांवरही भागतं.

"फक्त दिसण्यासाठी"? मला पेरूला पुढचे दात लावता येत नव्हते. भाकरीचा तुकडा तोडायला तोंड वाकडं करून दाढांकडे न्यावा लागायचा. 'फ' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना नीट लागत नसे. दिसण्याचं दुःखही होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बधिरपणाची भीती मात्र खोटी नाही. खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून सरकवायची पद्धत १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी मांडली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. काप तोंडाच्या आतून घेतात, हाड टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. पण ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस त्याच हाडातून जाते. सुरुवातीला बहुतेकांना बधिरपणा येतो, बऱ्याच जणांचा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा थोडा उरतो. माझ्या हनुवटीवर डावीकडे रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. ऑपरेशन ठरवण्याआधी सर्जनला स्कॅनवर ती नस दाखवायला सांगावी.

मावशी, त्याला जीभ दाबून बसायला लावू नकोस, आणि ऑपरेशनचीही घाई नको. मुलांचा खालचा जबडा विशीपर्यंतही वाढू शकतो. वाढ थांबण्याआधी केलं तर जबडा पुन्हा पुढे येण्याची भीती असते. काही महिन्यांच्या अंतराने डोक्याचे बाजूने एक्स-रे काढून वाढ थांबली का ते पाहतात. मुंबईत सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिस्ट आणि ओरल सर्जन दोघेही आहेत. दोघांना एकत्रच दाखवू. मी येते सोबत.