बिल्टी

परवापासून खालचे अप्पा मला 'बिल्टी' म्हणायला लागलेत. आधीच या वाड्यात मी वयाच्या 54 व्या वर्षीही 'बेबी' आहे. ते एक नाव पचवायला हयात गेली, त्यात हे दुसरं.

झालं एवढंच की कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरला आणि पट्टी लाल झाली. दुकानदाराने 256 जीबी सांगून दिला होता, कॉम्प्युटर 238 च दाखवतो. विकणारा हजाराचं माप धरतो आणि कॉम्प्युटर 1024 चं, असं म्हणे त्याचं शास्त्र आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या दानाओली बाजारात कुणी असं दोन मापांनी तोलून बघावं, संध्याकाळपर्यंत दुकानाला कुलूप लागेल. असो. जागा खाल्ली होती गाण्यांच्या सॉफ्टवेअरने. मला न विचारता त्याने आपला सगळा संसार सी मध्येच थाटला होता. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या 3,118 फायली. मी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा एक टेराबाइटचा नवा डबा आणला (तो 931 दाखवतो, मी बोलायचं सोडलं), फोल्डर कट केला, डब्यात पेस्ट केला. स्क्रीनवर आधी '11 मिनिटं बाकी', मग 3 तास, मग 40 सेकंद, मग पुन्हा 2 तास. मी आमटी फोडणीला टाकून आले, जेवले, भांडी विसळली.

सॉफ्टवेअर उघडलं तर प्रत्येक गाण्याशेजारी उद्गारचिन्ह. कुठलंही दाबा, तेच उत्तर: मूळ फाइल सापडली नाही, शोधायची का?

नेमके तेव्हाच अप्पा लोणच्याची वाटी परत द्यायला वर आले. अप्पांनी 34 वर्षं ग्वाल्हेर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलीत. मोबाइलचं बटण अजून दाराची घंटा दाबावी तसं दाबतात.

"काय करून राहिली आहेस बेबी? सकाळपासून वरून गाणं नाही."

"गाणी हलवली अप्पा. आता वाजत नाहीत."

"कुठून कुठे?"

"सी मधून ई मध्ये."

"मध्ये डी लागला असेल न? तिथे का नाही उतरवली?"

"डी सीडीसाठी आहे."

"आणि ए, बी?"

"फ्लॉपीचे होते. फ्लॉपीच गेल्या, अक्षरं मोकळी पडलीत."

अप्पांचा चेहरा पडला. "आमच्या छोट्या लाईनसारखंच म्हण." श्योपूरची नॅरोगेज 2020 साली बंद झाली, अप्पांचं सुतक अजून फिटलेलं नाही. वाटी हातात धरून ते मिनिटभर तसेच उभे राहिले. वाटीतलं तेल माझ्या कीबोर्डच्या दिशेने कलत होतं.

"बरं, माल पोचला?"

"पोचला. मोजून बघितला."

"मग बिल्टी?"

"कसली बिल्टी?"

"अगं मालाचा कागद असतो न! तुझ्या या रजिस्टरात काय लिहिलंय, माल कुठे आहे म्हणून?"

"सी मध्ये."

"आणि माल?"

"ई मध्ये."

"म्हणजे माल उतरवला आग्र्याला आणि बिल्टी फाडली झाशीची! गिऱ्हाईक झाशीला उभं राहून बोंबलणारच न!"

मग पेटीची गोष्ट. एकदा कुणाची हार्मोनियम बिल्टीवर नुसती 'पेटी' लिहून निघाली आणि चुकून बीन्याला उतरली. दिवस आंब्यांचे. बीन्याचे लोक रोज येऊन पेटीचा वास घेत, आंबा पिकला की नाही ते बघत. नवव्या दिवशी धीर सुटून एकाने झाकण उचकटलं आणि भात्यावर हात पडला. "असा सूर निघाला बेबी, की तो गडी थेट फलाटावर!" ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे. तेव्हा दिवस चार होते.

राग याचा की अप्पांचं बरोबर होतं. या सॉफ्टवेअरकडे एक वही असते. तिच्यात प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत. घर तुम्ही परस्पर हलवलंत की वही जुन्याच दारावर धडका देत बसते. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली राजधानी उज्जैनहून इथे आणली, छावणी पडली तिथे शहर वसलं, फौज कधीच उठून गेली. पत्त्यात आम्ही अजून 'लश्कर' लिहितो आणि टपाल बरोबर पोचतं. पोस्टमनला जमतं ते याला का जमू नये? शोधायची का म्हणून विचारतं, तेही एकेका गाण्याला. 3,118 वेळा 'हो' म्हणायचं! आणि जागा बदलायचं रीतसर बटण कुठे, तर सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, 'प्रगत' नावाच्या कप्प्यात. माझीच गाणी, माझ्याच बाबांचा आवाज, आणि हलवायची परवानगी मी प्रगत झाल्यावर.

"हे एक वेगळं दिसून राहिलंय," अप्पा स्क्रीनला बोट टेकवून म्हणाले. तेलाचा ठसा अजून आहे.

खरंच, एका गाण्याला उद्गारचिन्ह नव्हतं. मी मोजताना थापच मारली होती, डब्यात 3,117 च होती. डब्यात मी हौसेने 'बाबांची गाणी कॅसेटवरून उतरवलेली कृपया कुणी हात लावू नये' असा फोल्डर केला होता. त्यात या एका फायलीचं लांबलचक नाव जोडलं की पत्ता 260 अक्षरांवर जात होता. विंडोजने नाव फार लांब आहे म्हणून तिला सीमध्येच ठेवलं होतं आणि मी तो निरोप न वाचताच बंद केला होता.

लावलं. बाबांचा बागेश्री, आमच्याच माडीवरचा. मध्येच कुकरची शिट्टी, बाबा ताल न सोडता "बेबी, गॅस" म्हणतात. आणि समेच्या एक मात्रा आधी कुणीतरी "वाहवा!" ओरडतं. ते अप्पा. पुढच्या आवर्तनातही एक मात्रा आधीच.

अप्पांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "तुझे बाबा मागे राहायचे," म्हणाले, आणि वाटी तिथेच ठेवून उतरले.

मी सगळं फोल्डर होतं तिथे परत नेलं, उद्गारचिन्हं गेली, मग त्या प्रगत कप्प्यातून रीतसर हलवलं. फोल्डरचं नाव नुसतं 'बाबा' ठेवलं. रात्रीचे साडेअकरा.

सकाळी पुन्हा 3,118 उद्गारचिन्हं. भाच्याने माझा डबा काढून आपला पेन ड्राइव्ह आधी लावला होता, त्याला ई मिळालं, माझ्या डब्याला एफ. मी जिन्यावरूनच खाली ओरडले. "गाडी तीच आहे," खालून उत्तर आलं, "प्लॅटफॉर्म बदलला, अनाउन्समेंट नाही झाली!" शेवटी डिस्कच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्याला एम हे अक्षर कायमचं देऊन टाकलं आणि वहीतही तोच पत्ता घातला.

आज भाजीवाला दारात आला. "बिल्टी दीदी, भिंडी तौल दूँ?"

वाटी अजून माझ्याकडेच आहे. मी ती परत देणार नाही.